टेलिग्राम अडवायला गेले आणि ॲमेझॉन अडलं : रशिया, २०१८ ते २०२०

१३ एप्रिल २०१८ ला मॉस्कोच्या तागान्स्की जिल्हा न्यायालयात एक खटला अवघ्या अठरा मिनिटांत निकाली निघाला. प्रतिवादीचा वकील हजरच नव्हता. टेलिग्रामचा संस्थापक पावेल दुरोव याने आपल्या वकिलांना आधीच बजावलं होतं की तिथे जाऊन या फार्सला मान्यता देऊ नका. न्यायालयाने टेलिग्राम ताबडतोब बंद करण्याची परवानगी दिली. १६ एप्रिलला, सोमवारी, रोसकोमनादझोर या नियामक संस्थेने देशभरच्या इंटरनेट कंपन्यांना हुकूम धाडला आणि नेटवर्कवर एखादं मेसेजिंग ॲप बंद करायचं म्हणजे नेमकं काय करावं लागतं, याचा जगातला बहुधा सगळ्यांत मोठा प्रयोग सुरू झाला.

हे प्रकरण आजही निवडून अभ्यासावं असं आहे, कारण यात हुकूम देणाऱ्याकडे कशाचीच उणीव नव्हती. कायदा होता, न्यायालय होतं, अंमलबजावणीची यंत्रणा होती, हयगय केली तर दंड होता. तरीही दोन वर्षं ॲप चालूच राहिलं.

भांडण कशावरून

जुलै २०१६ मध्ये रशियात 'यारोवाया कायदा' म्हणून ओळखली जाणारी दहशतवादविरोधी दुरुस्ती झाली. तिच्यात मेसेजिंग सेवांवर एक बंधन आलं: सांकेतिक रूपातले संदेश उलगडायला लागणारी माहिती एफएसबी या गुप्तचर यंत्रणेला द्यायची. एप्रिल २०१७ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मेट्रोत स्फोट झाला. त्यानंतर एफएसबीने टेलिग्रामकडे सहा फोन क्रमांकांच्या संदर्भात किल्ल्या मागितल्या. टेलिग्रामने नकार दिला. ऑक्टोबरमध्ये आठ लाख रुबलचा दंड झाला, अपिलं झाली, २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानेही टेलिग्रामची याचिका फेटाळली. पंधरा दिवसांची मुदत मिळाली, ती उलटली आणि मग ती अठरा मिनिटांची सुनावणी.

टेलिग्रामची बाजू अशी की किल्ल्या आमच्याकडे नसतातच, त्या वापरणाऱ्याच्या फोनमध्ये असतात, देणार कुठून? हे 'सिक्रेट चॅट'बद्दल, म्हणजे मुद्दाम निवडून सुरू करायच्या खास गुप्त गप्पांबद्दल, खरं आहे. पण टेलिग्रामवरच्या नेहमीच्या गप्पा, ग्रुप आणि चॅनेल सिक्रेट चॅटमध्ये नसतात. ते कंपनीच्या सर्व्हरवर राहतात आणि त्यांच्या किल्ल्या कंपनीच्याच व्यवस्थेत, वेगवेगळ्या देशांत विभागून ठेवलेल्या असतात. म्हणजे 'देताच येत नाही' आणि 'देणार नाही' या दोन गोष्टी दुरोवने एका वाक्यात गुंडाळल्या होत्या. माझ्या मते त्याचा नकार योग्यच होता, पण तांत्रिक अशक्यतेचा आव थोडा जास्तच होता. दुरोवला या मंडळींचा अनुभव नवा नव्हता. व्हीकाँताक्ते हे रशियातलं सगळ्यांत मोठं सोशल नेटवर्क त्यानेच २००६ मध्ये उभं केलं होतं आणि २०१४ मध्ये ते हातचं गेल्यावर देश सोडला होता.

यादी आणि तिचा पहारेकरी

रशियातली बंदीची पद्धत आधी समजून घ्यावी लागते, नाहीतर पुढचा गोंधळ कळत नाही. नोव्हेंबर २०१२ पासून तिथे एक मध्यवर्ती काळी यादी आहे. रोसकोमनादझोर तीत वेबसाइटची नावं, लिंका, आयपी पत्ते (इंटरनेटवर प्रत्येक सर्व्हर ज्यावरून सापडतो ते आकडे) टाकत जातं. देशातल्या लहानमोठ्या इंटरनेट प्रोव्हायडरनी ती यादी उतरवून घ्यायची आणि आपापल्या उपकरणांवर आपापल्या पद्धतीने लागू करायची. सरकारकडे तेव्हा स्वतःचं असं मधलं फाटक नव्हतं. होता तो फक्त पहारेकरी: 'रेविझोर' नावाची छोटी पेटी प्रोव्हायडरच्या नेटवर्कमध्ये बसवलेली असे. ती एखाद्या साध्या ग्राहकासारखी बंदी घातलेले पत्ते उघडून बघायची. उघडले तर दंड.

अशा व्यवस्थेत प्रोव्हायडर काय करणार? जे कमी अडवेल त्याला दंड. जे जास्त अडवेल त्याला ग्राहकाच्या शिव्यांपलीकडे काही नाही. त्यामुळे हात आपोआप जास्तीकडे झुकतो. २०१७ च्या उन्हाळ्यात काही खोडकरांनी याचा अचूक फायदा घेतला होता. यादीत नाव असलेली पण मालकाने सोडून दिलेली डोमेन, म्हणजे साइटची नावं, त्यांनी विकत घेतली आणि त्यांच्या नोंदीत भलत्याच, निरपराध साइटींचे आयपी पत्ते भरले. काही प्रोव्हायडरची उपकरणं नाव तपासून त्यामागचा पत्ता शोधायची आणि तो पत्ता अडवायची. परिणामी कुणालाही न विचारता चांगल्या साइट बंद पडू लागल्या. यंत्रणेतलं हे भोक वर्षभर आधीच उघड्यावर आलं होतं.

सोमवार ते शुक्रवार

टेलिग्रामचे स्वतःचे पत्ते थोडे आहेत. १४९.१५४.१६०.० पासूनचा एक गट ४,०९६ पत्त्यांचा, ९१.१०८ ने सुरू होणारे काही गट हजार-हजाराचे. हे अडवणं म्हणजे दहा मिनिटांचं काम, आणि ते पहिल्या तासातच झालं असणार. कुठल्याही कार्यालयातला सिस्टिम ॲडमिन इथेच थांबला असता.

पण ॲप तिथे थांबलं नाही. टेलिग्रामने आपली डेटाची वाहतूक ॲमेझॉन आणि गूगलच्या क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या सर्व्हरमधून वळवायला सुरुवात केली. क्लाउडमध्ये नवा सर्व्हर उभा करून नवा आयपी पत्ता घ्यायला मिनिटभर पुरतं, आणि खर्च ताशी काही पैशांचा. नियामकाने एक पत्ता यादीत टाकेपर्यंत ॲप दुसऱ्यावर गेलेलं असे. दादरच्या फुटपाथवर पालिकेची गाडी दिसली की फेरीवाला गाठोडं उचलून पुढच्या गल्लीत उभा राहतो, तसंच. फरक एवढाच की रोसकोमनादझोरने मग गल्ल्याच बंद करायला घेतल्या.

एकेक पत्ता अडवून भागेना, तेव्हा यादीत आख्खे गट आले. आयपीच्या हिशोबात /१६ म्हणजे ६५,५३६ पत्ते, /१५ म्हणजे १,३१,०७२. असे गट एकामागून एक पडत गेले. पहिल्याच दिवशी ॲमेझॉनचे लाखो पत्ते गेले, आणि आठवडा संपायच्या आत एकूण आकडा पावणेदोन कोटींच्या पुढे सरकला. जगातल्या सगळ्या जुन्या पद्धतीच्या, म्हणजे आयपीव्ही४ च्या, साधारण ४२९ कोटी पत्त्यांपैकी हे जवळपास ०.४ टक्के होतात. एका ॲपसाठी.

त्या पत्त्यांवर टेलिग्राम एकटं राहत नव्हतं. व्हायबरचे कॉल अडखळू लागले. ऑनलाइन इंग्रजी शिकवणारी स्कायएंग बोंबलली. क्रेमलिनच्या संग्रहालयांची ऑनलाइन तिकीटविक्री अडली. सरकारी हुकुमाची झळ सरकारच्याच अंगणात. गूगलच्या काही सेवा तुटक झाल्या, आणि काही दिवसांनी रोसकोमनादझोरने गूगलचेही पत्ते यादीत असल्याचं मान्य केलं. छोट्या दुकानदारांना, आपल्या साइटचा फोटो कुठल्या क्लाउडवर ठेवलाय हे माहीतही नसलेल्यांना, सकाळी उठून कळलं की साइट अर्धीच उघडते. २७ एप्रिलला तर कळस झाला: यादीत काही काळ व्हीकाँताक्ते, यांडेक्स, अद्नाक्लास्निकी या रशियाच्याच बड्या सेवांचे पत्ते आले. ते घाईने काढावे लागले.

याच गडबडीत क्रेमलिनच्या प्रसिद्धी विभागाने पत्रकारांशी बोलण्याचा आपला टेलिग्रामवरचा गट आयसीक्यूवर हलवला. नव्वदच्या दशकातलं, 'अ-ओ' असा आवाज करणारं ते आयसीक्यू! आपल्याकडे सायबर कॅफेच्या काळात ज्यांनी वापरलं असेल त्यांना आठवेल. तेव्हा त्याची मालकी रशियन कंपनीकडे होती.

फोनच्या आत काय घडत होतं

पत्ते बदलणं सोपं, पण बदललेला पत्ता कोट्यवधी फोनना कळवायचा कसा? खरी गंमत इथे आहे, आणि या प्रकरणावरच्या बातम्यांत नेमकी हीच बाजू निसटते.

समजा मॉस्कोतल्या एका फोनवर ॲप उघडलं. त्याच्याजवळ जपून ठेवलेला पत्ता आता मेलेला आहे. जोडणीचा प्रयत्न लोंबकळत राहतो. ॲप मग आडवाटेने चौकशी करतं. एक वाट अशी: गूगलच्या डीएनएस सेवेला (नावावरून पत्ता सांगणारी इंटरनेटची डिरेक्टरी) साध्या सुरक्षित वेब जोडणीवरून एका डोमेनची मजकूर-नोंद विचारायची. त्या नोंदीत नव्या सर्व्हरांची यादी सांकेतिक रूपात दडवलेली असते. बाहेरून पाहणाऱ्या प्रोव्हायडरला दिसतं एवढंच, की हा फोन गूगलशी काहीतरी बोलतोय. दुसरी वाट त्याहून साधी: पुश नोटिफिकेशन. फोनवर जे नोटिफिकेशन येतं ते ॲपच्या सर्व्हरवरून थेट येत नाही. आयफोनवर ॲपलच्या आणि अँड्रॉइडवर गूगलच्या वाहिनीतून येतं. टेलिग्रामने त्याच वाहिनीतून, स्क्रीनवर काही न दाखवता, नवा पत्ता पाठवला.

आता नियामकासमोर प्रश्न असा की ही वाहिनी तोडायची का? तोडली तर बँकेचे इशारे, टॅक्सीचे संदेश, कार्यालयाची ईमेल, देशातल्या प्रत्येक स्मार्टफोनची नोटिफिकेशनं जातील. तेवढी किंमत मोजायची तयारी मॉस्कोत नव्हती. पावणेदोन कोटी पत्ते पाडणाऱ्यांचा हात इथे येऊन थांबला.

याला जोडूनच व्हीपीएन आणि प्रॉक्सीचं, म्हणजे मधल्या दुसऱ्या सर्व्हरमार्गे बंदीला वळसा घालणाऱ्या सेवांचं, पीक आलं. दुरोवने प्रॉक्सी आणि व्हीपीएन चालवणाऱ्यांना बिटकॉइनमध्ये अनुदान जाहीर केलं. मेच्या सुरुवातीला रोसकोमनादझोरने पन्नासेक व्हीपीएन आणि तत्सम सेवा बंद केल्याचं सांगितलं. लोकांनी एक्कावन्नावी शोधली. ३० एप्रिलला मॉस्कोत साखारोव रस्त्यावर बारा हजारांवर माणसं कागदी विमानं घेऊन जमली. कागदी विमान हे टेलिग्रामचं चिन्ह.

कंपन्यांनी मात्र फार शौर्य दाखवलं नाही. दुरोवने ३१ मे रोजी जाहीर केलं की रशियाच्या मागणीनंतर ॲपलने टेलिग्रामची नवी आवृत्ती जगभर अडवून धरली आहे, फक्त रशियात नाही. बोंब झाल्यावर ती सुटली. डोमेन फ्रंटिंग नावाची आणखी एक युक्ती होती: बाहेरून एखाद्या मोठ्या, निरुपद्रवी साइटचं नाव दाखवायचं आणि आत दुसरीकडेच जायचं. ती वाट गूगलने आणि पाठोपाठ ॲमेझॉनने त्याच एप्रिलमध्ये बुजवली. हीच युक्ती वापरणाऱ्या सिग्नल या दुसऱ्या मेसेजिंग ॲपला तर ॲमेझॉनकडून खाती बंद करण्याची तंबी मिळाली. क्लाउड कंपन्यांचा हिशोब समजण्यासारखा आहे. एका भाडेकरूपायी बाकीच्यांचा धंदा का बुडवा? पण म्हणजे टेलिग्राम तगलं ते या कंपन्यांच्या तत्त्वनिष्ठेवर नव्हे, त्यांच्या आकारावर.

हुकूम शिल्लक, अंमल नाही

उन्हाळ्यानंतर सगळं थंडावलं. यादीतून लाखो पत्ते हळूहळू वगळले गेले. ऑगस्ट २०१८ मध्ये टेलिग्रामने आपल्या धोरणात एक ओळ घातली, की न्यायालयाने एखाद्याला दहशतवादाचा संशयित ठरवल्यास त्याचा आयपी पत्ता आणि फोन क्रमांक देऊ शकतो. २०१९ मध्ये प्रॉक्सीची नवी पद्धत आली, तिच्यात टेलिग्रामची वाहतूक नेहमीच्या सुरक्षित वेब जोडणीचं सोंग घेते. मंत्रालयं, महापौर, सरकारी वाहिन्या यांची चॅनेल बंदी असलेल्या ॲपवर राजरोस चालू होती. कोविडच्या साथीत सरकारची अधिकृत माहितीसुद्धा तिथेच येऊ लागली. एप्रिल २०२० मध्ये दोन खासदारांनी बंदी उठवण्याचा प्रस्तावही मांडला.

१८ जून २०२० ला रोसकोमनादझोरने बंदी उठवली. कारण दिलं ते असं, की दहशतवाद आणि अतिरेकाविरुद्ध सहकार्याची दुरोवची तयारी आम्हाला आश्वासक वाटते. दुरोवच्या म्हणण्याप्रमाणे रशियात तेव्हा किमान तीन कोटी लोक टेलिग्राम वापरत होते, आणि जगात ही संख्या दोन वर्षांत २० कोटींवरून ४० कोटींवर गेली होती.

गोष्ट इथे संपवायची आणि 'दुरोव जिंकला' म्हणायचं, असा रिवाज आहे. तो मला पटत नाही. रशिया हरला तो पत्त्याच्या खेळात. ॲप कुठे राहतं हे बघून अडवायचं, तर पत्ते फुकटात बदलणाऱ्यापुढे टिकाव लागत नाही. पण ॲप कसं बोलतं हे ओळखून अडवायचं, तर खेळ वेगळा. नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या पाकिटांचा आकार, क्रम, जोडणी सुरू करण्याची लकब, यांवरून आतला मजकूर न वाचताही ॲप ओळखता येतं. याला डीपीआय म्हणतात. २०१८ मध्ये ही क्षमता देशभर, एका हातात, नव्हती. म्हणून मे २०१९ मध्ये 'सार्वभौम इंटरनेट'चा कायदा झाला आणि १ नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याखाली सरकारने स्वतःच्या डीपीआय पेट्या प्रोव्हायडरांच्या नेटवर्कमध्ये बसवायला घेतल्या. यादी पाठवा, दंड करा, पहारेकरी बसवा, या सगळ्याची गरजच कमी झाली. बटण थेट मॉस्कोत आलं.

नव्या पेट्यांचा पहिला मोठा प्रयोगही फसवाच होता. १० मार्च २०२१ ला ट्विटरचा वेग कमी करायचा होता. त्यासाठी ट्विटरच्या छोट्या लिंकांचं डोमेन शोधलं गेलं: 'टी', टिंब, 'सी', 'ओ'. पण नियम लिहिणाऱ्याने पूर्ण नाव जुळवण्याऐवजी ही अक्षरं कुठेही सापडली तरी चालतील असं ठेवलं. मायक्रोसॉफ्टच्या पत्त्याचा शेवट 'टी'ने होतो आणि पुढे टिंब-कॉम येतं, रेडिटचंही तसंच. दोघंही विनाकारण रेंगाळले. तीन वर्षांपूर्वीचीच चूक, फक्त आकड्यांऐवजी अक्षरांत. फरक असा की ही लवकर दुरुस्त करता आली.

आपल्या बाजूला

कार्यालयात व्हॉट्सॲप वेब बंद करणाऱ्याला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. फायरवॉलवर डोमेन अडवलं की पंधरा मिनिटांत कुणीतरी मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करतं, आणि तासाभरात वरच्या साहेबांचा फोन येतो की क्लायंटचा ग्रुप उघडत नाही. तिथे निदान लॅपटॉप कंपनीचा असतो. यंत्रावरच ॲप बसू न देता येतं. देशाच्या हातात नागरिकाचा फोन नसतो.

भारतात मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली चौदा मेसेजिंग ॲप बंद केली. जम्मू-काश्मीरमध्ये दहशतवादी ती वापरतात, असं कारण दिलं गेलं. त्यांत थ्रीमा होतं, एलिमेंट होतं, ब्रायर होतं. एलिमेंट ज्या मॅट्रिक्स पद्धतीवर चालतं तिच्यात कुणीही आपला सर्व्हर उभा करू शकतो, त्यामुळे अडवायला एक पत्ता असा नसतोच. ब्रायर तर इंटरनेट नसताना ब्लूटूथवरून जवळच्या फोनशी बोलू शकतं. ॲप स्टोअरमधून ते काढता येतं, नेटवर्कवरून काय काढणार? आणि जिथे ॲपपुरतं अडवणं जमत नाही तिथे आपल्याकडे सोपा उपाय ठरून गेलाय: सगळं इंटरनेटच बंद. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून तणाव झाला तेव्हा जिल्ह्यातली इंटरनेट सेवा थांबवली गेली. स्टेटस मूठभरांचे, यूपीआयवर अडलेला मात्र भाजीवाल्यापासून पेट्रोल पंपापर्यंत सगळा जिल्हा. रशियाने पावणेदोन कोटी पत्त्यांवर जे केलं, तेच हे एका जिल्ह्यावर; फक्त आपल्याकडे त्याला कुणी प्रयोग म्हणत नाही.

रशियात मधल्या काळात पेट्या सुधारल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये सिग्नल, ऑक्टोबरमध्ये डिस्कॉर्ड, डिसेंबरमध्ये व्हायबर बंद झालं. तेव्हा ना क्लाउड कोसळले, ना तिकिटं अडली. १३ ऑगस्ट २०२५ ला रोसकोमनादझोरने टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवरच्या कॉलवर निर्बंध जाहीर केले. लिखित संदेश जात होते, बोलणं तुटत होतं. एकाच ॲपमधला कॉल आणि संदेश वेगळा ओळखून त्यातलं एकच अडवणं, हे २०१८ च्या यादीला स्वप्नातही जमलं नसतं. दोन-तीन आठवड्यांनी, १ सप्टेंबरपासून, रशियात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या फोनमध्ये 'मॅक्स' हे देशी मेसेंजर आधीच घातलेलं असणं सक्तीचं झालं.